तीनदा वाचणारे अण्णा

माझे सासरे, म्हणजे अण्णा, आमच्याकडे राहायला आले त्याला चौदा महिने झाले होते, तरी त्यांची बॅग पलंगाखालीच होती. कपडे तिच्यातून काढायचे, धुऊन वाळले की घडी करून पुन्हा तिच्यातच. मी कपाटात रिकामा करून दिलेला कप्पा तसाच पडून होता. सासूबाईंचा फोटोही टॉवेलात गुंडाळून बॅगेत. "उगाच भिंतीला भोकं कशाला," म्हणायचे. घरात जरा कुणाचा आवाज चढला की मला वाटायचं, आता बॅग निघणार.

म्हणून माझ्या दहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत जोडीदार म्हणून अण्णांचं नाव दिलं, तेव्हा मी तिला एकटीला गाठलं. एक मूल आणि घरातलं एक वडीलधारं माणूस, अशा जोड्या. चिठ्ठी मोठ्या माणसाने वाचायची, प्रश्न मुलाच्या कानात सांगायचा, उत्तर येत असेल तर तेही, आणि मुलाने घंटी मारून उत्तर द्यायचं. सगळं मिळून दहा सेकंदांत.

"आत्याला ने ना," मी म्हटलं. "तिची जीभ कशी चुरूचुरू चालते."

"तीच तर पंचाईत आहे. मला बोलू कोण देणार?" खारूताई म्हणाली. घरात तिला सगळे खारूताईच म्हणतात. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ.

अण्णा दवाखान्यात छत्तीस वर्षं कंपाउंडर होते. बाटली फळीवरून काढताना लेबल वाचायचं, औषध ओतताना वाचायचं, बाटली परत ठेवताना वाचायचं. खिडकीबाहेर रांग कुरकुरायची, "अहो, कादंबरी वाचताय का?" अण्णा मान वर करत नसत. ही सवय काही जन्मापासूनची नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका लहान मुलासाठी खोकल्याच्या औषधाऐवजी अंगाला चोळायचं औषध भरून दिलं. दोन्ही बाटल्या तपकिरी, शेजारीशेजारी ठेवलेल्या. मुलाच्या आईला वास वेगळा आला म्हणून ती परत आली, बाटली त्यांच्यासमोर खिडकीत ठेवली आणि तिथेच उभी राहिली. पोराला काही झालं नाही. अण्णा मात्र दोन दिवस जेवले नव्हते. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं.

खारूताई स्वयंपाकघरातला टायमर लावून त्यांचा सराव घ्यायची. पंधरा सेकंद. सोळा. चौदा.

"आजोबा, दोनदाच वाचा ना."

"बघतो."

"काल पण बघतोच म्हणालात."

हरण्याचं मला काही नव्हतं. पण हरल्यावर ही पोर रागाच्या भरात काय बोलेल याचा नेम नव्हता. ते एकदा अण्णांच्या कानावर पडलं की बॅग दाराशी आलीच म्हणायची.

स्टुडिओत मी आणि माझा नवरा तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या मुठीत रुमालाचा बोळा. समोरच्या जोडीतली मावशीआजी भलतीच चटपटीत होती. तिचा नातू आणि ती दहा गुणांनी पुढे होते. मग तिला प्रश्न आला, यांपैकी कोणत्या ग्रहाला चंद्र नाही? घाईत तिने 'नाही' गाळला आणि नातू ऐटीत म्हणाला, "शनी." चिठ्ठी आमच्याकडे आली. अण्णांनी ती तीनदा वाचली, तरी कशीबशी नवव्या सेकंदाला घंटी वाजली आणि खारूताई म्हणाली, "शुक्र." बरोबरी झाली.

शेवटचा प्रश्न आमचा होता; तो हुकला तर सामना समोरच्यांचा. आम्हा प्रेक्षकांना तो पडद्यावर दिसत होता. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? मी श्वास सोडला. अण्णांच्या औषधांच्या खिडकीसमोर कानाचं भलंमोठं चित्र टांगलेलं असायचं, छत्तीस वर्षं.

अण्णांनी चष्मा सारखा केला. ओठ हलले. एकदा. बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं. खारूताईचा तळवा घंटीवर, डोळे त्यांच्या तोंडाकडे. सहा. सात. बोट तिसऱ्यांदा मागे गेलं. ते तिच्या कानाशी वाकले आणि भोंगा वाजला.

"आजोबा, उत्तर माहीत होतं?" सूत्रसंचालकाने विचारलं.

"हो. कानात."

"कधी आठवलं?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हाच."

सगळा स्टुडिओ हसला. अण्णा चिठ्ठीची घडी घालत राहिले. माईक खारूताईसमोर गेला. "मग, रागावलीस की नाही आजोबांवर?"

तिने तळवा घंटीवरून उचलला. मी मनात म्हणत होते, गप्प बस, बाई, गप्प बस.

"आजोबा तीनदाच वाचतात," ती म्हणाली. "मला ताप आला की गोळीचं पाकीटपण तीनदा वाचतात. तेव्हा मी घाई करते का?"

आम्ही गाडीतून घरी निघालो. हरलेल्या जोडीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, ते खारूताईच्या मांडीवर. "घड्याळच सापडलं यांना द्यायला," ती पुटपुटली. "टोमणा आहे हा." अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर ते सरळ खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मी पाण्याचा तांब्या भरत होते. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग चेनचा. तांब्या भरून वाहू लागला तरी मला नळ बंद करायचं सुचेना.

"तू बोल त्यांच्याशी," नवरा हळूच म्हणाला.

मी दारापर्यंत गेले, तोच ते उघडलं. अण्णांच्या हातात टॉवेल होता आणि टॉवेलात सासूबाईंचा फोटो.

"घरात खिळे आहेत का गं?"

"किती हवेत?"

"दोन. एक त्या घड्याळाला."

खारूताईने स्टूल धरलं. अण्णांनी पट्टीने भिंत मोजली, पेन्सिलीने खूण केली आणि पुन्हा मोजली. मग हातोडीसाठी हात पुढे केला.

"आजोबा," ती म्हणाली, "अजून एकदा राहिलंय."