पेट्रोल आहे का?

गाडी बंद पडली की जगातला प्रत्येक माणूस एकच विचारतो, पेट्रोल आहे का? पानवाला विचारतो, शेजारून जाणारा स्कूटरवाला विचारतो, ज्याला सायकल धड चालवता येत नाही तोही विचारतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अठरा वर्षं कारखान्यात मशीन चालवलेल्या माणसाला पेट्रोलचा काटा वाचता येत नाही का?

कारखाना बंद झाला तेव्हा शेजारच्या मशीनवरचा मित्र आणि मी एकदमच घरी बसलो. त्याने बिबवेवाडीत गॅरेज टाकलं. मी जुनी व्हॅन घेतली, तीही त्यानेच पारखून दिली. येरवड्याकडे तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या पाच जणांना सकाळी नऊच्या आत पोचवायचं, हे माझं काम. घर त्यावरच चालत होतं, दुसरं काही नव्हतं.

आणि ही बया बंद पडायला लागली. रोज पडली असती तर परवडलं असतं, काहीतरी सापडलं असतं. आठवड्यातून एकदा-दोनदा, अर्धा तास चालल्यावर, नेमकी नदीच्या पुलाअलीकडे दोन आचके द्यायची आणि गप्प. दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू. लोकांची तोंडं बंद करायची म्हणून मी टाकी काठोकाठ भरून ठेवायला लागलो, तर जास्तच पडायला लागली.

मित्राने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, पेट्रोलचा पंपही बदलला. गॅरेजभोवती गाडीच्या दोन चकरा मारून म्हणायचा, "गाडीला काही नाही झालेलं." तिसऱ्यांदा हे ऐकलं त्याच्या आदल्या दिवशीच, पुढच्या सीटवर बसणारी मुलगी मला शांतपणे म्हणाली होती, "काका, अजून एकदा बंद पडली तर आम्ही दुसरी गाडी बघतो." माझं डोकं फिरलेलंच होतं. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "तुला इंजिनातलं कळत होतं कधी? तिथेही नुसते नट आवळायचास." त्याने फडक्याला हात पुसले. म्हणाला, "पेट्रोल बघितलंस का नीट?" मी तोंडाला येईल ते बोलून निघून आलो.

सोमवारी पुलाअलीकडे दोन आचके, आणि गप्प. पुढच्या सीटवरून प्रश्न आला, "काका, पेट्रोल आहे ना?"

"उतरा. या इकडे, आपल्या डोळ्यांनी बघा," मी ओरडलो आणि टाकीचं झाकण पिरगाळलं. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. पेट्रोल गळ्यापर्यंत होतं. रागारागात किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्यात सुरू.

ती झाकणाकडे बघत राहिली. "म्हणजे टाकीत हवाच जात नव्हती. मग पेट्रोल बाहेर कसं येणार? आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच असतो, काका. बिघडायच्या आधी काय बदललं होतं?"

झाकण माझ्या हातात होतं. आतून दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा कापून बसवलेला, हवेच्या भोकावर गच्च. मीच बसवला होता. पेट्रोलच्या वासाने डोकं दुखतं म्हणून याच मुलीने कुरकुर केली होती, आणि मी माझी अक्कल पाजळली होती.

पाचही जण माझ्याकडे बघत होते.

"गॅरेजवाल्याचे उद्योग," मी म्हणालो आणि तुकडा काढून नदीत टाकला.

"बदला तो गॅरेजवाला," ती म्हणाली. यांच्यातल्या दोघांच्या स्कूटर मीच शिफारस करून त्याच्याकडे लावल्या होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी काढून घेतल्या. माझं काम राहिलं, पुढे सात वर्षं चाललं. राग अजूनही येतो, पण आता कुणावर ओरडायचं तेच कळत नाही.

पुढे एकदा भाजी घेताना तो समोर आला. मी वळणार तेवढ्यात त्याने हाक मारली.

"पडते का रे अजून बंद?"

"नाही."

"काय निघालं मग?"

"काही नाही. आपोआपच थांबलं."

"बरं झालं. मला घोर लागला होता." पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "तू पाठवलेली ती दोन माणसं मात्र यायची बंद झाली. काय बिनसलं, कळलंच नाही."

"असतात काही माणसं तशी," मी म्हणालो.