वोल्फ्सबुर्गच्या सिस्टर

माझ्या सासूबाईंनी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रांत नर्स म्हणून केली. निवृत्तीनंतर त्या पहिल्यांदा आमच्याकडे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आल्या, तेव्हा बॅगेतून लाडवांच्या डब्याखाली ओआरएसची पाकिटं निघाली. नवऱ्याला हसू आलं. "आई, इथे चौकाचौकात आपोथेके आहे, औषधांचं दुकान."

"दुकान चौकात असतं. जुलाब घरात होतात," त्या म्हणाल्या आणि पाकिटं फळीवर रचून मोकळ्या झाल्या.

पंधरा दिवसांत मुलीच्या किटामध्ये, म्हणजे तिच्या बालवाडीत, उलट्या-जुलाबांची साथ आली. दारावर कागद लागला: नोरोव्हायरस. आजारी मुलाने त्रास थांबल्यावरही दोन पूर्ण दिवस घरीच राहायचं. मी तो मराठीत वाचून दाखवला तशा सासूबाई सरसावून बसल्या. इतके दिवस त्या खिडकीतून गाड्या बघत होत्या. आता त्यांना ओळखीचं काहीतरी सापडलं होतं. मी दाराशी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली त्यांनी बाजूला सारली. "या विषाणूला त्याचा फारसा धाक नसतो. साबण आणि वाहतं पाणी."

त्या गुरुवारी मी घरूनच काम करत होते. सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची शेजारीण, खांद्यावर तिची दीड वर्षाची लेक. लेकीला आदल्या दिवसापासून उलट्या-जुलाब होत होते. घरात कोला आणि खारी बिस्किटं आहेत का, असं ती विचारत होती. तिच्या आजीचा तो उपाय.

सासूबाई माझ्या मागून पुढे आल्या. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि शेजारणीला जर्मनखेरीज काही नाही, पण त्यांनी हात पुढे केले आणि तिने मूल दिलं.

"विचार हिला, शू कधी केली शेवटची?"

मी विचारलं. डायपर रात्रीपासून कोरडा होता.

पोरगी रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. सासूबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू, नाखुशीने जागेवर गेली. त्यांचा आवाज बदलला. मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"अँब्युलन्स बोलव. आत्ता."

शेजारीण म्हणाली, तीन वाजता डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.

"तीनपर्यंत थांबायचं नाही. सांग तिला."

मी एकशे बारा फिरवला. सात वर्षं जर्मनीत राहून हा नंबर कधी लावला नव्हता. गंमत म्हणजे ऑफिसात अडखळणारं माझं जर्मन धडाधड बाहेर पडत होतं. कुठे, काय झालं, कोणाला, वय किती. मी फोन ठेवायला निघाले तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, मी सांगेपर्यंत ठेवू नका. शुद्धीवर आहे का? गिळता येतं का? मी तिचे प्रश्न सासूबाईंना मराठीत विचारत होते आणि त्यांची उत्तरं जर्मनमध्ये सांगत होते, जणू दोन नळांच्या मध्ये उभी होते.

तोवर सासूबाईंनी सकाळीच उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून त्यात एक पाकीट पूर्ण विरघळवलं होतं. चमचाभर पाणी, थांबायचं, पुन्हा चमचाभर. शेजारीण पेलाच तोंडाला लावायला गेली, तर त्यांनी तिचं मनगट अलगद धरलं. "हळू गं बाई. एकदम दिलं की उलटून येतं." हे मी भाषांतरित करायच्या आधीच तिला कळलं.

अँब्युलन्स आली. त्यातल्या उंच माणसाने पोरीला तपासलं आणि मान हलवली. हॉस्पिटलमध्ये न्यायलाच हवं. मग त्याला टेबलावर कागद दिसला. सासूबाईंनी त्यावर इंग्रजी आकड्यांत वेळ घालून लिहिलं होतं: किती चमचे, किती वाजता, उलटी कधी. आकडे वाचायला त्याला भाषा लागली नाही. हे कोणी लिहिलं, त्याने विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी. त्या क्रांकेनश्वेस्टर होत्या," मी नर्ससाठीचा जर्मन शब्द वापरला.

"गेनाऊ," म्हणजे अगदी नेमकं, तो त्यांच्याकडे बघत म्हणाला आणि कागद खिशात घालून आभार मानले. "डांके, श्वेस्टर."

पोरीला आणि शेजारणीला घेऊन ते गेले. दार लागल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "सिस्टरच म्हणाला ना तो मला?" मी हो म्हटलं. त्या ओट्यापाशी गेल्या आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मलाही धुवायला लावले.

पोरीला सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा मेसेज आला: शू झाली, हसली, केळं मागतेय. मी तो मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हसत सुटलो.

गोष्ट किटाच्या मुख्य बाईंपर्यंत पोचली. साथ ओसरल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या सासूबाई मुलांना हात धुवायला शिकवतील का?

सासूबाई हळद आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. गावातल्या शाळांत त्या असंच करायच्या. प्रत्येक मुलाच्या तळव्यांना हळदीचं तेल चोळलं आणि नळाकडे पिटाळलं. मुलं दोन सेकंदांत परतली. हात वर केले तर बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्यांभोवती, नखांत पिवळं तसंच. "हे पिवळं म्हणजे जंतू समजा," त्या म्हणाल्या, आणि माझी पाच वर्षांची मुलगी, जी घरी मला फक्त जर्मनमध्ये उत्तरं देते, वर्गापुढे उभी राहून आजीचं मराठी जर्मनमध्ये सांगू लागली. मला भाषांतर करावंच लागलं नाही. तळवे, मागची बाजू, बेचक्या, अंगठे, नखं. मुलं पुन्हा नळाकडे धावली. या खेपेला कोणीच घाई केली नाही. बाथरूममधून ओरडा ऐकू येत होता: माझं गेलं, तुझं राहिलंय, अंगठा बघ.

बेसिन पिवळं झालं होतं. मी माफी मागायला गेले तर मुख्य बाई स्वतःचा हळदीचा हात पुढे करून उभ्या होत्या. हात धुवायला त्यांचाही नंबर लागायचा होता.