मुरगूडच्या वरातीत वाजलेली रेकॉर्ड

कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या भावाचं लग्न मुरगूडला होतं. जेवणं व्हायची होती आणि वरात भर उन्हात देवळाकडून कार्यालयाकडे सरकत होती. मी सावली बघून एका खताच्या दुकानाच्या पायरीवर उभी होते. पुढं हलगीवाले, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत, जिला आमच्याकडे सरसकट डॉल्बी म्हणतात, आणि मधे फेटे बांधून नाचणारी पाहुणेमंडळी. नेहमीचंच सगळं. अचानक हलगीच्या खालून मला ओळखीचा बेस ऐकू आला.

आधी वाटलं, भास झाला. मग चाल वर चढली, ठोका थांबला आणि एका बाईचा आवाज आला. फ्रेंचमधली एकच ओळ, दोनदा. त्या ओळीनंतर टक टक असे दोन बारीक आवाज झाले, रेकॉर्डवर चरा गेला की होतात तसे. आणि ठोका परत पडला. नाचणाऱ्यांनी हात वर केले. मी मात्र पायरीवरून खाली उतरले, कारण हे संगीत मुरगुडात वाजणं शक्यच नव्हतं.

ती रेकॉर्ड बेल्जियममधल्या एका माणसाची. तो एकटाच सगळं करतो. संगीतही त्याचं आणि छपाईही त्याचीच. मोजक्या प्रती काढतो, नेटवर काही टाकत नाही, आणि विकताना एकच अट घालतो की कॉपी करायची नाही. आमच्या माहितीप्रमाणे सबंध जिल्ह्यात ती चौघांकडे होती. त्यातली एक मी.

आम्ही चौघं म्हणजे युरोपातल्या नाचाच्या संगीताचं, टेक्नोचं आणि ट्रान्सचं वेड असलेली माणसं. फोनवरच्या एका ग्रुपात कोल्हापूरची म्हणून एकमेकांना सापडलो. एक दातांचे डॉक्टर, राजारामपुरीत दवाखाना. एक गडहिंग्लजच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सर, जे दर रविवारी एसटीनं यायचे. एकाचं टाईल्सचं दुकान. आणि मी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. माझं कामच हातोडीनं टकटक करून सुट्या भागाचा आवाज ऐकायचं. भाग चांगला असेल तर घुमतो, तडा असेल तर बद्द वाजतो. घरी आल्यावर मी टेक्नो लावली की नवरा म्हणायचा, "दिवसभर कंपनीत ठोकतीस ते पुरत न्हाय व्हय?"

रविवारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा तिथल्या पेशंटच्या बाकांवर आमची बैठक. भडंग आणि चहा. वाद एकच, कुणाचा ठोका खरा. डॉक्टर जर्मनांच्या बाजूचे, त्यांना कोरडं आणि करकरीत आवडायचं. दुकानदाराला डच लोकांचं गोड ट्रान्स. सर म्हणायचे, "बेल्जियमवाल्यांनी दोन्ही केलंय बघा, आणि कुणाला सांगितलंबी न्हाय." बाहेरून मागवलेल्या रेकॉर्डी सगळ्यांच्या मिळून एकाच पार्सलात यायच्या, त्याही डॉक्टरांच्या पत्त्यावर, कारण तिथं सही करून घ्यायला कुणी ना कुणी असायचंच. कस्टमवाले कधी खोकं फोडून परत चिकटपट्टी मारायचे. मग डॉक्टर प्रत्येक कव्हराचा कोपरा उजेडात धरून बघायचे. कॉपी न करण्याच्या अटीबद्दल सगळ्यांत कडक तेच होते. एकदा दुकानदारानं अर्धं मिनिट फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपात टाकलं, तर डॉक्टरांनी त्याला आठवडाभर बोलून नकोसं केलं होतं.

म्हणून मुरगूडहून परतल्यावर मी पहिला फोन त्यांनाच केला.

त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "नक्की तेच होतं?"

"फ्रेंच ओळीसकट. आणि त्या ओळीनंतर दोनदा टक झालं. कुणाच्या तरी रेकॉर्डवर चरा हाय, डॉक्टर. ती रेकॉर्ड शोधली की माणूस सापडला."

"मॅडम, मी काय बोलत न्हाय," ते म्हणाले, "पण सरांच्या मेहुण्याचं मंडप-डेकोरेशनचं काम हाय. डॉल्बीवाल्यांत उठबस असणार की."

हे मला माहीत नव्हतं. एकदा कळलं आणि मग सरांची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागली. ते कधीच कुणाला घरी बोलवत नाहीत ते का? मागच्या रविवारी लवकर उठून गेले ते कुठं? मी पुढच्या सुट्टीला गडहिंग्लजची गाडी पकडली.

सरांनी मला स्टँडवरून घरी नेलं. बायकोनं तांबडी चटणी आणि भाकरी वाढली. दोन खोल्यांचं घर, रेकॉर्डप्लेअर धान्याच्या कोठीवर. तेव्हा कळलं, ते कुणाला का बोलवत नव्हते. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, "सर, ती बेल्जियमची लावा की. माझ्या सुईत काहीतरी बिघाड हाय, तुमच्याकडं कशी वाजते बघू."

त्यांनी लावली. मी कोठीजवळ वाकून उभी राहिले. बाईचा आवाज आला, ओळ दोनदा झाली आणि ठोका पडला. मधे काही नाही, साफ.

सरांनी सुई उचलली. माझ्याकडे न बघता रेकॉर्ड कव्हरात घातली. "अक्का," ते म्हणाले, "तुम्ही माझी झडती घ्यायला आलाय न्हवं?"

मी मुरगूडचं सगळं सांगितलं. मेहुण्याचं नाव डॉक्टरांनी काढलं, तेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. "मेव्हण्याकडं ताडपत्री आणि खुर्च्या हायत," एवढंच म्हणाले. स्टँडपर्यंत सोडायला मात्र आले, आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

मग दुकानदार. त्याला मी त्याची रेकॉर्ड मागितली, तर म्हणाला बहिणीकडं हाय. दोन दिवसांनी विचारलं तर बहीण सांगलीला गेल्ती. पुढच्या वेळी तो दुकानात गिऱ्हाइकाला नक्षीच्या टाईल्स दाखवत होता आणि मला बघून आतच गेला. मी बाहेर उभी राहिले. शेवटी बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, "विकली मी ती. पुण्यातल्या एकाला. डॉक्टरला सांगू नका, डोस्कं खाईल माझं."

"पुण्यातला कोण?"

"नेटवर भेटलेला. तोंड कुठं बघितलंय."

म्हणजे वाट सापडली असं मला वाटलं. पुण्यातल्या त्या माणसानं कॉपी केली आणि फिरत फिरत ती मुरगूडपर्यंत आली. दुकानदाराचा राग आला, पण सर सुटले याचं बरंही वाटलं. त्या रविवारी बैठकीला न जाता मी घरी, जरा शांतपणे ऐकावं म्हणून, माझी स्वतःची रेकॉर्ड लावली. आल्यावर एकदाच वाजवली होती. मग ती डॉक्टरांकडे धुवायला दिली, कारण रेकॉर्डी धुवायचं यंत्र फक्त त्यांच्याकडे होतं. परत आली तेव्हा कंपनीत ऑडिटची गडबड होती, कव्हर उघडलंसुद्धा नव्हतं.

बाईचा आवाज आला. ओळ दोनदा झाली.

टक टक.

मी सुई मागं घेतली. परत टक टक. नवरा पेपर वाचत होता, तोही मान वर करून म्हणाला, "तडा गेलाय व्हय?"

पहिल्यांदा वाजवली तेव्हा हा आवाज नव्हता. माझ्या कानाबद्दल मला शंका नाही, माझा पगार त्याच्यावर चालतो. सोमवारी कंपनी सुटल्यावर मी रेकॉर्ड पिशवीत घालून थेट दवाखान्यात गेले. एक पेशंट गाल धरून बाहेर पडत होता. डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"माझ्या रेकॉर्डवरचा चरा हाय, डॉक्टर."

त्यांनी हात पुसले. टॉवेल नीट घडी करून अडकवला. मला वाटलं आता कस्टमचं, पार्सलचं काहीतरी सांगतील. पण ते म्हणाले, "व्हय. मीच दिली."

"माझी?"

"माझी अजून सीलबंद हाय. ती कशाला फोडू? तुमची उघडलेलीच होती की. तिच्यावरनंच कॉपी उतरवली, सुई आधी एकदा घसरली तो चरा."

मी खुर्चीत बसले. इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. विचारलं, कशासाठी? पैशासाठी तर नसणार. डॉक्टरांनी दाराकडे बघितलं आणि खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं मी हे ऐकतोय. फ्लॅटमध्ये. वर आजारी म्हातारी, खाली वकील. आवाज इतका," त्यांनी बोटाच्या पेरावर दाखवलं. "हे संगीत छातीवर पडायला केलेलं हाय. त्यासाठी मी युरोपला जाणार कधी? आणि तसले स्पीकर आपल्याकडं कुणाकडं हायत सांगा. डॉल्बीवाल्याकडंच की."

मुरगूडजवळचा एक डॉल्बीवाला त्यांच्याकडे दाढ काढायला आला होता. त्यातून ओळख झाली. वरात नसेल त्या दिवशी तो माळावर स्पीकर लावून तपासायचा, आणि डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करून तिथं जायचे. एकटेच. त्याला कॉपी द्यायचे आणि त्याच्या बदल्यात पूर्ण आवाजात ऐकायचे. वरातीत लावायचं नाही असं ठरलं होतं म्हणे.

"मग सरांचं नाव का घेतलं?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावरची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "एकदा येऊन ऐका," एवढंच म्हणाले. "मग बोला."

मी गेले. का गेले हे सांगता येत नाही. खोटं बोलतायत का ते बघायचं होतं, आणि ऐकायचंही होतं. उसाच्या कडेला मोकळं रान, दोन ट्रॉल्या, डॉल्बीवाला लुंगीवर. "या पावणं," म्हणाला, "डॉक्टरांची माणसं म्हंजे आपलीच." डॉक्टर पायातल्या चपला काढून स्पीकरपासून काही अंतरावर उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे. आणि त्यानं लावलं.

खोटं कशाला बोलू, तसं मी कधीच ऐकलं नव्हतं. आवाज कानात येतच नव्हता, पायातून वर चढत होता. बाईची ती ओळ आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग टक टक झालं, माझ्याच रेकॉर्डवरचं, आणि मी भानावर आले. शेजारी डॉक्टर डोळे मिटून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांच्याबद्दल काय वाटतंय तेच कळेना. या माणसानं मला गडहिंग्लजला पाठवलं होतं.

सरांना मी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं कळलं," आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून बाहेर पडले. डॉक्टरांनी त्यांना फोन केला नाही. मी दोनदा सुचवलं. "त्यांनाच राग आलाय, शांत होऊ दे की," असं म्हणाले.

महिन्याभरात बेल्जियमच्या माणसाचा निरोप आला. माझं संगीत तुमच्याकडच्या एका मिरवणुकीच्या व्हिडिओत ऐकलं, यापुढे तुम्हा चौघांपैकी कुणालाही रेकॉर्ड मिळणार नाही. सभ्य भाषेत, दोन ओळींत. त्यानं तो व्हिडिओ आपणहून शोधला असेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. डॉक्टरांचा संशय सरांवर. सरांना वाटतं दुकानदारानं पुण्याच्या माणसाकरवी कळवलं. दुकानदार मला सरळच म्हणाला, "तुम्हीच सांगितलं असणार, ताई. त्या चऱ्याचा राग हाय तुमच्या डोस्क्यात." मी नाही सांगितलं. पण हे मी कितीही वेळा म्हटलं तरी त्याचा चेहरा तसाच राहिला, आणि त्याचा चेहरा बघून मला वाटलं की हाच असणार.

रविवारची बैठक बंद पडली. कुणी बंद केली नाही. आधी एक आला नाही, मग दुसरा.

परवा मी हेड पोस्टात पार्सल घ्यायला गेले होते. आता मी नेदरलँडमधल्या एका बाईकडून मागवते. पत्ता कुणाला सांगितलेला नाही. खिडकीवरून खोकं घेऊन वळले, तर मागं रांगेत डॉक्टर. त्यांच्या हातात पावती होती. त्यांनी माझ्या हातातल्या चपट्या चौकोनी खोक्याकडे बघितलं. मी पाठवणाऱ्याच्या पत्त्याची बाजू पोटाशी धरली.

"काय आलंय?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचं काहीतरी. सॅम्पल." मी म्हटलं. "आणि तुमचं?"

"दवाखान्याचं सामान."

दोघंही थोडा वेळ उन्हाबद्दल बोललो. मग त्यांचा नंबर आला. मी बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली, पण लगेच निघाले नाही. पोस्टाच्या दारातून ते बाहेर येताना त्यांच्या हातात काय असेल ते बघायला थांबले.

बऱ्याच वेळानं ते आले, रिकाम्या हातांनी. मला तिथंच उभी बघून क्षणभर थांबले, मग हात करून निघून गेले. पार्सल खरंच आलं नव्हतं, की मी जाईपर्यंत त्यांनी ते आतच ठेवलं होतं, मला माहीत नाही.