वरातीत न नाचणारे सर

स्टाफरूममध्ये कुणी "ब्रेकडान्स सर आले" म्हटलं की मिलिंद सर दारातच थांबत. दमल्या आवाजात म्हणत, "ब्रेकडान्स जत्रंतल्या पाळण्याला म्हणत्यात. ह्याला ब्रेकिंग म्हणायचं." मग डबा उघडत.

निपाणीतल्या त्या खाजगी शाळेत मी इतिहास शिकवायची. सर आठवड्यातून दोनदा नाच शिकवायला येत, उरलेले दिवस तंबाखूच्या वखारीत पोती उचलत. गुडघ्याला कायम पट्टा. नाच शिकवण्याआधी तो कुठून आला हे ते मुलांना सांगत. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, तिथली काळी आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या घरांतली गरीब पोरं. पार्टी भरायची ती इमारतीच्या तळघरात, नाहीतर बागेत. गाणं थांबून नुसता ताल उरतो, तो तुकडा डीजे दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवायचा. त्या तुकड्याला म्हणायचं ब्रेक, आणि पोरं त्याच्यावरच नाचायला उतरायची. पॉपिंग आणि लॉकिंग हे नाच निराळे, कॅलिफोर्नियाकडचे. मुलांना डीजे म्हणजे ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत एवढंच माहीत. "डीजे म्हंजे भिंत न्हवं रं," सर सांगत, "डीजे म्हंजे माणूस."

घरी मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. त्यांचे वडील, आप्पा, तरुणपणी हलगी वाजवत. वाजवत म्हणजे वाजवावी लागे, गावात ज्याची वरात असेल त्याच्यापुढे, देतील त्या शिळ्या अन्नावर. बौद्ध झाल्यावर त्यांनी ती कायमची खाली ठेवली. मुलगा नाचतो हे त्यांना सोसत नव्हतं. मी एकदा घरी गेले तर माझ्यासमोरच म्हणाले, "आमी हलगी टाकली ती तू रस्त्यात नाचावंस म्हणून व्हय रं?"

"आप्पा, ह्यो नाच कुणाच्या म्होरं न्हाय. आपल्या आपल्यात गोल करून नाचायचा."

"नाच त्यो नाचच," म्हणून आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

मला सोडायला बाहेर आल्यावर सर म्हणाले, "नाचाबद्दल आमचं बोलणंच बंद हाय, मॅडम. जेवला का, औषध घेतलं का, तेवढंच."

पुढे संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं, तेव्हा मी तिथेच मार्कांचे तक्ते घेऊन उभी होते.

"सर, आपली पोरं घेऊन वरातीपुढं जरा ब्रेकडान्स होऊ दे. साहेब खूश झाले की तुम्ही पर्मनंट."

सरांना ती नोकरी हवी होती. वखारीतली पोती गुडघ्याला पेलेनाशी झाली होती.

"गॅदरिंगला सांगाल तेवढं नाचतो सर. वरातीत न्हाय."

"का? पाय दुखतोय?"

"न्हाय. पाय बरा हाय."

पाय बरा नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सबब समोर ठेवलेली होती, सरांनी ती घेतली नाही.

सुट्टीनंतर शाळेने त्यांना बोलावलं नाही. वरातीत आमची पोरं नाचली. दुसरे कुणी सर आणले होते.

नंतर मला बेळगावात नोकरी लागली. आईने विड्या वळून मला शिकवलं, घरातली पहिली पदवीधर मीच. पण एखादी गोष्ट कुणी आणि कसल्या अडचणीत घडवली, हे विचारायची सवय मला मिलिंद सरांनी लावली. वर्गात उभी राहिले की त्यांचे हे उपकार आठवतात.

यंदा ते निपाणी स्टँडवर भेटले. बाकावर पाय लांब करून कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होते. तिकडे एका गोदामावर रखवालदार आहेत. नाच सुटला.

"वाईट वाटतं का, सर?"

"दमलोय, मॅडम. वाईट वाटायला बी ताकद लागती."

मी आप्पांची चौकशी केली. सर जरासे हसले. वरातीला नकार देऊन ते घरी गेले, त्या संध्याकाळी आप्पांनी पहिल्यांदाच विचारलं होतं, "ह्यो तुझा नाच कुठला म्हणालास?"

"मग? सांगितलंत?"

"सांगिटलं की. पार ब्राँक्सपासनं सुरू केलं. निम्म्यातच झोप लागली त्यास्नी."

गाडी लागली. पिशवी उचलत सर म्हणाले, "सकाळी चा पिताना म्हणालं, म्होरचं सांग."