दशरथने केलेली कॉफीची पेटी

सन पंचावन्न-छप्पनची गोष्ट. दशरथ राऊळ गोरेगावच्या एका कारखान्यात फिटर होता आणि त्याची बायको वनमाला बोरिवलीच्या दवाखान्यात नर्स होती. आसपासच्या गावांतली बाळंतपणं तिच्याकडे असत. चारकोप म्हणजे तेव्हा भातखाचरं आणि मिठागरं; रस्ता म्हणून काही नव्हताच, बांधावरून चालत जायचं. कधी तर होडीने खाडी ओलांडून गोराईला.

दशरथच्या कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला एक इटालियन इंजिनियर आला होता. त्याला सगळे ब्रुनोसाहेब म्हणत. चतुर्थीला तो राऊळांकडे गणपती बघायला आला, तो रुमालात एक ॲल्युमिनियमचं भांडं गुंडाळून घेऊनच. खाली पाणी, मधल्या जाळीत कॉफीची पूड. शेगडीवर ठेवलं की वाफेच्या जोराने पाणी पुडीतून वर चढायचं आणि वरच्या भागात घट्ट, काळीभोर कॉफी जमायची. साहेब तिला एस्प्रेसो म्हणायचा. घरातल्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. दशरथ तर आपल्या गावाकडच्या बोलीत म्हणाला, "ह्यापरास काढो बरो." वनमालाने मात्र कप संपवला आणि आणखी आहे का, म्हणून विचारलं. साहेब खूश झाला. मायदेशी जाताना ते भांडं त्याने तिलाच देऊन टाकलं. मग ती माटुंग्याहून ताजी दळलेली कॉफी आणू लागली.

कळा सुरू झाल्या की वनमालाला बोलावणं यायचं, आणि पुढे कितीतरी वेळ नुसतं वाट बघत बसावं लागायचं. घरी यायची ती डोकं धरूनच.

"तिथे चहा मागून घेत जा गो," दशरथ म्हणाला.

"त्या घरांत दूध येतं केवढंसं, ते बाळंतिणीला लागतं. मी कसा मागू चहा?"

"मग तुझा ता भांडा ने."

"आणि ठेवू कशावर? चुलीवर आधण असतं. ते उतरवायला सांगू?"

दशरथ गप्प झाला. तो असा गप्प झाला की लवकरच घरात करवतीचा आवाज येणार, हे वनमालाला माहीत होतं.

देव्हाऱ्यासाठी म्हणून त्याने सागवानाच्या फळ्या जपून ठेवल्या होत्या. त्या त्याने कापल्या आणि एक पेटी केली. आत कप्पे केले: भांड्याला जुन्या घोंगडीचं अस्तर, बाजूला स्पिरिटचा छोटा स्टोव्ह, कॉफीचा डबा, साखर, दोन कप. पुढचं दार खाली पाडलं की त्याचंच टेबल व्हायचं. त्यावर पत्रा ठोकला होता, म्हणजे स्टोव्हने लाकूड जळू नये. दोन्ही बाजूंना फळ्या असल्यामुळे वाऱ्याने ज्योत विझत नसे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, वर चामड्याचा रुंद पट्टा. पहिल्या दिवशी कॉफी करून बघितली तर वनमालाने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कशी झाली?"

"इंजेक्शन घेतल्यासारखी."

स्पिरिटचा वास पुडीला लागला होता. दशरथने बाटलीसाठी बाहेरच्या बाजूला पत्र्याचं वेगळं घर केलं. त्यानंतर कॉफी कॉफीसारखी लागू लागली.

वनमाला पेटी खांद्याला लावून जाऊ लागली. संध्याकाळी आली की दशरथला सगळं सांगायची. चारकोपच्या एका म्हातारीने पेटीचं दार उघडताना पाहिलं, आत ज्योत लागलेली पाहिली आणि हातच जोडले. "नर्सबाय, तुमचा देव कंचा?" वनमालाला हसू आवरेना. मग त्या म्हातारीला तिने भरपूर साखर घालून अर्धा कप कॉफी दिली, आणि म्हातारीने ती प्रसादासारखी प्यायली. दशरथ हे ऐकायचा आणि मान खाली घालून हसायचा.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी वनमाला सकाळीच चारकोपला गेली होती. दुपार टळली तरी आली नाही, म्हणून दशरथ तिला आणायला निघाला. तो पोचला तेव्हा मुलगी झाली होती, घरात गूळ वाटत होते आणि वनमाला अंगणात हात धूत होती. थकली होती, पण चेहरा फुलला होता. दशरथने पेटी आपल्या खांद्याला लावली आणि दोघं बांधावरून निघाली.

थोडं गेल्यावर त्याने खांदा बदलला. पुन्हा बदलला. मिठागराच्या कडेला तो थांबला आणि पेटी खाली ठेवली.

"गो, ही येवढी जड आसा?"

"तुम्ही घरातल्या घरात उचलली होती ना," वनमाला हसत म्हणाली. "बांधावरून कुठे नेलीत कधी?"

दशरथ हसला नाही. पट्टा जिथे बसायचा तिथली तिच्या खांद्याची कातडी काळवंडून राठ झाली होती. पदराच्या कडेशी ती आज पहिल्यांदाच त्याच्या नजरेला पडली.

"सांगलंस कित्याक नाय?"

"काय सांगू? तुम्ही देव्हाऱ्याच्या फळ्या कापल्यात. इतक्या हौसेने पितळ लावलंत." ती जरा थांबली. "जाताना लागते जड. कॉफी प्यायल्यावर येताना नाही लागत." आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले. "खरं सांगू? खांदा फार दुखतो हो."

दशरथने तिच्या हातातली औषधांची बॅगही घेतली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो वाण्याकडून चहाची रिकामी खोकी घेऊन आला. पातळ, हलकं लाकूड. पहिल्या वेळी त्याने एकट्यानेच सगळं ठरवलं होतं. या वेळी तो पावलोपावली तिला विचारू लागला.

"पट्टा हय की हय?"

"जरा मागे."

"दोन कप कित्याक?"

"कुणाला द्यावासा वाटला तर?"

कप दोनच राहिले. पितळ गेलं, कोपऱ्यांना कातडी तुकडे आले. नुसता सांगाडा तयार झाला तेव्हा दशरथने तो तिच्या खांद्याला अडकवला आणि तिला विहिरीपर्यंत चालून यायला सांगितलं. शेजारच्या सुनंदाने विचारलं, "वहिनी, हे काय चाललंय?" वनमाला म्हणाली, "मापं देतेय गं, शिंप्याकडे देतात तशी."

नवी पेटी काही देखणी नव्हती. एका बाजूला चहाच्या कंपनीची काळी अक्षरं अर्धवट दिसत होती. दशरथ ती घासून काढायला निघाला, तर वनमालाने त्याच्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला. "राहू दे. माझी पेटी आहे ना?"

पुढे मालाडच्या मृणालिनी नर्सने ती बघितली आणि स्वतःसाठी तशीच मागितली. दशरथने दिली करून. पण पट्टा लावण्याआधी त्याने तिला दोनदा अंगणात चालायला लावलं.

वनमाला नवी पेटी घेऊन पहिल्यांदा निघाली त्या सकाळी दशरथ दारात उभा होता. गल्लीच्या टोकाशी ती वळली. पेटी त्याच दुखऱ्या खांद्याला होती. तिने त्याच खांद्याचा हात सरळ वर, डोक्याच्याही वर उचलून त्याला दाखवला, आणि गोराईच्या होडीसाठी झपाझप चालू लागली.