झाईची महाभरती

तलासरी तालुक्यातल्या झरी गावात तिला नुसतं सुषमा कोणी म्हणत नसे. गावात आणखी दोन सुषमा होत्या, एक विहिरीजवळची आणि एक पिठाच्या गिरणीवाली. ओळख पटायला काहीतरी लावणं भाग होतं, आणि हिच्या घराजवळ विहीरही नव्हती आणि गिरणीही नव्हती. म्हणून ही भरतीवाली सुषमा.

बारावी झाल्यापासून सरकारनं जी जी भरती काढली ती ती हिनं भरली. पोलीस भरतीत धावण्यात पहिली आली आणि उंचीत एका सेंटिमीटरनं पडली. वनरक्षकाच्या वेळी उंची पुरली, पण सातवा महिना चालू होता, आणि पोटात पोर घेऊन धावणारीला गुण द्यायचा रकाना फॉर्मात नव्हता. अंगणवाडीच्या यादीत हिचं नाव दुसरं लागलं. पहिलं ज्या सुनेचं होतं, तिच्या सासऱ्याला यादी लागायच्या आदल्या दिवशीच पेढे वाटायची घाई झाली होती. तलाठ्याच्या परीक्षेला पहाटेची एसटी धरून परजिल्ह्यात गेली, तर सर्व्हर झोपलेला. सरकारी सर्व्हर तो, त्याला उठवणार कोण?

नवरा संदीप उंबरगावच्या कंपनीत पाळीवर जाई. घरची भाताची आणि नागलीची शेती सासू जिजा आणि सुषमा मिळून ओढत. पोट भरत होतं. पण हजेरीपटावर आपलं नाव असावं, रोज सकाळी त्याच्यापुढे आपण सही करावी, ही एक हौस तिच्या मनातून काही केल्या जात नव्हती. लोकांना साड्यांची असते, हिला सहीची होती.

यंदा मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. एक जूनला वयाची मर्यादा संपत होती. एक जून हा झरीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घालून टाकलं. आई सांगायची की ही झाली तेव्हा भाताची कापणी चालली होती, म्हणजे खरं तर आणखी चार-पाच महिने हिच्या हक्काचे होते. पण आईला काय माहीत? ती नुसती बाळंत झाली होती, दाखला गुरुजींनी लिहिला होता. सगळ्या सवलती जमेला धरूनही एक जूनला सुषमा सरकारच्या लेखी म्हातारी होणार होती.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रिक्षावाल्या रघ्यानं तिच्या मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. रघ्या आलेलं काहीही वाचत नसे, नुसतं पुढे ढकलत असे. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘झाई किनाऱ्यावर महाभरती! रविवार, ३१ मे, सकाळी नऊ वाजता. स्थानिकांना व महिलांना प्राधान्य. नावनोंदणी जागेवरच. मर्यादित जागा.’

सुषमानं ते चार वेळा वाचलं. ऑनलाइन अर्ज नाही, हॉल तिकीट नाही, आणि तारीख तर अशी की जणू तिच्यासाठीच एक दिवस अलीकडे ओढलेली. किनाऱ्यावर बंदर होणार, माणसं घेणार, अशा वावड्या हवेत होत्याच. किनाऱ्याला रक्षक लागत असतील, असं तिनंच ठरवलं आणि पदही मनातल्या मनात मंजूर करून टाकलं.

“दर्यात कसली नोकरी?” जिजानं चुलीपुढून विचारलं. “आपुन डोंगराची मानसा. तठं बुडलीस त?”

“बुडायला आधी घेतला त पायजे,” सुषमा म्हणाली आणि दाखल्यांची फाइल पुसायला बसली.

रविवारी नऊच्या आत रघ्यानं तिला झाईला सोडलं. सुरूच्या झाडांखाली टेबल मांडलेलं, मागे फलक, आणि टेबलामागे मोठी गवती टोपी घातलेल्या एक मॅडम. या मॅडम मुंबईच्या. किनाऱ्याची ओळख नसलेल्या लोकांना किनाऱ्याची ओळख करून देणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी त्या दर वेळी नवा किनारा निवडत, म्हणजे त्यांचीही ओळख व्हायची राहिलेलीच असे. शेजारी नविनभाई उभे होते. जवळच त्यांची चिकूची वाडी आणि वाडीत पाहुण्यांच्या खोल्या. नाश्ता त्यांच्याकडून होता, म्हणून फलकावर त्यांचा फोटो समुद्रापेक्षा मोठा.

“कुठून आलात?” मॅडमनी विचारलं.

“झरीवरून, मॅडम.”

“खास एवढ्यासाठी? वा! समुद्रासाठी काम करायची इच्छा आहे?”

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून सुषमा वीस वर्षं तयार होती. “हो मॅडम. सेवेची संधी मिळावी ही इच्छा आहे.”

मॅडमनी छातीवर हात ठेवला. “पोहता येतं?”

“नदीत येतं.”

“आणि ऊन सोसेल ना?”

“आम्ही भाताच्या आवणीला दिवसभर चिखलात वाकून असतो, मॅडम.”

सुषमानं फाइल पुढे केली. मॅडम हसल्या. “अहो, कागद कशाला? निसर्गाला कागद लागत नाहीत!” दाखला न मागणारं खातं सुषमानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. इथंच तिला शंका यायला हवी होती. पण तेवढ्यात तिच्या छातीवर अठरा नंबरचा बिल्ला लागला, आणि भरतीत छातीवर नंबर लागतोच. शंकेला जागाच उरली नाही.

पहिला कार्यक्रम किनारा स्वच्छतेचा. सुषमाला वाटलं, ही शारीरिक चाचणी. तिनं पदर खोचला आणि अर्ध्या तासात पाच गोणी भरल्या. त्या वेळात सतरा नंबरच्या गृहस्थांनी एका चपलेचे चार बाजूंनी फोटो काढले. मग दमलेल्या लोकांना प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी आणि पाकिटांतून वेफर्स वाटले गेले, म्हणजे पुढच्या मोहिमेचीही सोय आजच झाली.

नंतर सगळ्यांना वाळूत गोल बसवलं. मॅडम म्हणाल्या, “डोळे मिटा. आता आपण भरती अनुभवणार आहोत. ती येते आहे. तिला आत येऊ द्या.”

चाळीस जणांनी डोळे मिटले. सुषमानं एकच मिटला, कारण निकाल कुठल्या बाजूनं येईल याचा नेम नसतो. बराच वेळ काहीच आलं नाही, तेव्हा तिनं हात वर केला.

“मॅडम, जागा किती आहेत?”

“जागा?” मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. “भरपूर आहे की! ऐसपैस बसा ना.”

“तसं नाय. पद कोणतं? आणि आमच्या प्रवर्गाला किती?”

सगळ्यांत आधी कळलं ते नविनभाईंना. त्यांनी मांडीवर थाप मारली. “अरे बेन! आ तो दरियानी भरती! नोकरीनी नथी!”

मग सगळे हसले. कोणी वाईट हेतूनं हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. “किती निरागस!” मॅडम म्हणाल्या. सतरा नंबरनं मोबाइल काढून विचारलं, “ताई, तो जागांचा प्रश्न परत एकदा विचारता का?” सुषमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, फाइल उचलली आणि सुरूच्या सावलीत, या सगळ्यांना पाठ करून बसली. रघ्या परतीचं भाडं शोधायला गेला होता, नाहीतर ती तिथून धावतच सुटली असती.

तिथे आधीच एक म्हातारी बसली होती. रूपी. झाईचीच. खडकावरची कालवं फोडून काढण्यात तिची पन्नास वर्षं गेलेली. तिलाही कार्यक्रमाला बोलावलं होतं. छापील पत्रिकेत पावणेबाराला ‘स्थानिकांशी संवाद, दहा मिनिटं’ असं होतं, ते स्थानिक म्हणजे ती.

“हसू दे,” रूपी म्हणाली. “त्यांना तरी कठं भरती कळते? साडेधाला खडकावर फिरायला जायचं म्हणतात. आज पुनीव. मी सकालीच सांगितला, जाऊ नका. तं ती बाय बोलते, मावशी, तुमचं सत्र पावणेबाराला आहे.”

“पुनवेला काय होतं?”

“तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती पुरी होते. पंधराची पाऊणपट किती?”

“सव्वाअकरा,” सुषमा म्हणाली. वीस वर्षं तिनं नळ आणि टाक्यांची गणितं सोडवली होती. एक नळ टाकी इतक्या तासांत भरतो, दुसरा रिकामी करतो. कुठलीही टाकी तिनं डोळ्यांनी पाहिली नव्हती. आता समोर केवढी तरी टाकी भरत होती आणि उत्तर बरोबर येत होतं. “म्हणजे सप्तमीला सव्वापाच?”

“हां! शिकलेली हाय गो तू!”

रूपीनं मग हात लांब करून दाखवलं. खडकाची पट्टी दूर, आणि ती आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ. पाणी आधी समोरून येत नाही, बाजूनं घळीत शिरतं आणि मागची वाट बंद करतं. त्यात हा अधिक महिना, दर्याही अधिकच चढणार. सुषमा ऐकत राहिली. अपमान गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी कुतूहलही येऊन बसलं. इतकी वर्षं समुद्र रिक्षाच्या अंतरावर होता आणि आपण फक्त फॉर्म बघितले, याचं तिला खरंच वाईट वाटलं.

समोर पत्रिकेप्रमाणे खडक सफर निघाली. समुद्राला पत्रिका मिळाली नसावी. चाळीस माणसं एका खेकड्याभोवती वाकली, आणि बिचारा खेकडा एकटाच योग्य दिशेला पळत होता. थोड्याच वेळात घळ फेसानं पांढरी दिसायला लागली. रूपी उभी राहून ओरडली. नविनभाईंनी तिकडून प्रेमानं हात हलवला.

“चल,” रूपी म्हणाली. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीचा दोर तिनं सोडून घेतला. एक टोक सुरूच्या बुंध्याला बांधलं, दुसरं सुषमाच्या हातात दिलं. “मधे उभी ऱ्हा. पाय रोव. चिखल तुला नवा नाय.”

चिखल नवा नव्हताच. कमरेएवढ्या पाण्यात घळीच्या मधोमध सुषमा दोर पाठीवरून घेऊन उभी राहिली, आणि दोराचं टोक पलीकडे खडकाला अडकवून रूपी एकेकाला हाकत दोराला लावू लागली. बारा नंबर रडत आला. सतरा नंबर मोबाइल दातांत धरून आला, त्यामुळे प्रथमच गप्प होता. नविनभाई म्हणाले, “बेन, तू तो देवी छे!” मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या आणि सुषमाच्या गळ्यातच पडल्या. टोपी मात्र लाटेवर बसून गुजरातकडे गेली. सगळे सुखरूप पोचले, आणि जिथं खेकडा बघितला होता तिथं सव्वाअकराला नुसतं पाणी होतं.

नाश्ता झाल्यावर मॅडमचा आवाज परत आला. ओल्या कपड्यांतच त्यांनी सुषमाला फलकापुढे उभं केलं. “तुम्ही आजच्या हिरो आहात! आम्ही तुम्हाला आमची किनारा सखी करून घेतो. झरीतून माणसं आणायची, दर महिन्याला.”

सुषमानं लगेच विचारलं, “हजेरी असते का, मॅडम? सहीची?”

“छे हो, तसलं काही बंधन नाही! मानधनही नाही. सेवा! तुम्हीच म्हणालात ना?” मॅडमनी सतरा नंबरच्या मोबाइलवाल्याला खूण केली. “आता फक्त दोन वाक्यं बोला. आज भरतीबद्दल काय शिकलात?”

सुषमानं केस मागे केले. मुलाखतीत उभं राहतात तशी ती ताठ उभी राहिली आणि शुद्ध भाषेत बोलायला लागली.

“समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. ती किती वाजता येणार हे आधी सांगता येतं. ती सगळ्यांना सारखीच मिळते, वय विचारत नाही. आमची भरती पाच-सात वर्षांतून एकदा येते, आणि आली की ती कोणाची हे आधीच ठरलेलं असतं. आज मला वाटलं होतं, ही माझी आहे. उद्यापासून मी वयात बसत नाही.”

रूपीनं तोंडाला पदर लावला. मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली केला आणि मॅडमकडे पाहिलं.

“खूप मनापासून बोललात,” मॅडम हळूच म्हणाल्या. “पण जरा निगेटिव्ह जातंय. परत एकदा घेऊ या का? या वेळी थोडं हसून?”

सुषमानं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. “नाय मॅडम,” ती म्हणाली. “परत नाय. हीच शेवटची होती.”