बिनगाण्याची रेकॉर्ड

माझा स्वभाव संशयी आहे, ते आधीच सांगून टाकते. दूधवाल्यासमोर मी दुधात बोट घालून बघायची. लोणावळ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरांतल्या बायका मला 'फौजदारीण' म्हणायच्या. म्हणू देत. त्यांच्या घरी पाणचट चहा होत होता, माझ्या घरी नाही.

एकोणीसशे सत्तर साल उलटल्यानंतर एक वर्ष असं आलं की मला नवऱ्याचाच संशय यायला लागला. हाक मारली तर ओ नाही. आता आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, 'अहो' म्हणायचं, आणि पहिल्याच 'अहो'ला ओ द्यायची कुठल्या नवऱ्याची रीत आहे? त्यामुळे बरेच दिवस मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण पुढच्या 'अहो'लाही हूं की चूं नाही, तेव्हा डोक्यात किडा शिरला. यांचं मन दुसरीकडं कुठं तरी आहे! कधीमधी कर्जतला मुक्काम पडायचा. म्हटलं, तिकडं कुणी बाई तर नाही ना? शर्टांचे वास घेतले, खिसे उलटे केले. विडीची थोटकं सोडून काही हाती लागलं नाही.

मग एकदा त्यांच्या पाठीमागं माझ्या हातून पितळेची परात पडली. शेजारीण धावत आली, आणि हे आपले खिडकीतून बाहेर बघत बसलेले. तेव्हा मात्र माझा संशय फिरला. बाईबिई काही नव्हतं. कानच गेले होते.

हे घाटात इंजिन चालवायचे. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून जी इंजिनं लावतात ना, ढकलायला, बँकर म्हणतात त्याला, ते. पुढचा ड्रायव्हर शिट्टी देणार, मागच्यानं ती ऐकून उत्तर द्यायचं, मग ढकलायचं किंवा थांबायचं. सगळा कारभार शिट्टीवर. मी सरळ विचारलं, "अहो, तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

"तुझी बडबड ऐकून कान किटले, दुसरं काय!" म्हणाले आणि हसले. समोर बसून विचारलं होतं, तेव्हा ओठ वाचले असणार. पण माझ्याकडं पुरावा कुठं होता?

अशात माझा धाकटा भाऊ दुपारचाच पाठीवर गोणपाट टाकून आला. तो कुरवंड्याच्या बाजूला एका बंगल्यावर माळी होता. गोणपाटातून रेकॉर्ड वाजवायचं मशीन निघालं.

"कुठून उचललंस?" मी.

"आईशप्पत आक्का, मालकांनी दिलं. बंगला इकला त्यांनी. म्हनले, न्यायचं तर ने, न्हाई तर भंगारात जाईल."

"शेटजी लोक फुकट देतात होय रे काही?"

"व्हय की! बिघडलंय वाटतं म्हनूनच दिलं आसंल," तो म्हणाला, आणि मशीन तर छान वाजायला लागलं.

आधी त्यानं सिनेमातली जुनी गाणी लावली. हे मांडीवर ठेका धरून बसले, शब्दही अचूक पुटपुटत होते. मला हायसं वाटलं, स्वतःचा रागही आला. म्हटलं, काय बाई मी, सोन्यासारख्या माणसावर संशय घेते! चहा टाकायला उठले.

"दाजी, ही एक लय इचित्र हाय," भाऊ म्हणाला. "हिच्यात गानंच न्हाई. नुसती तुनतुन."

पाकिटावर एक दाढीवाला गोरा, मांडीवर गिटार उताणी टाकून बसलेला. "लाव, लाव," हे म्हणाले.

चहा तसाच राहिला. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला होता. सिनेमाची गाणी यांना पाठ होती, पाकीट बघितलं आणि रेकॉर्ड फिरताना दिसली की झालं. ही मात्र यांच्या बापजन्मात ऐकलेली नव्हती. मी दाराशी फतकल मारून बसले.

काय वाजवलं होतं त्या माणसानं! आधी संथ काहीतरी, मग एकदम ढोलकीसारखा गिटारीचाच लाकडी ठोका, मग कुठल्या तरी लग्नातल्यासारखी धांदल. एकच माणूस हे सगळं वाजवतोय यावरही माझा विश्वास बसेना. भाऊ मान डोलवायचा, की यांची बोटं चालायची. भाऊ थांबला, की बोटं थांबायची. मी ते पाहिलं. त्यानं रेकॉर्ड उलटी केली तेव्हा त्याला म्हटलं, "तू जरा तिकडं भिंतीकडं तोंड करून बस."

"का गं?"

"सांगितलं ना, बस!"

तो बसला. मी तोंडावरची रेषही हलू दिली नाही. दुसऱ्या बाजूला थोडं सरळ वाजलं आणि मग त्या बाबाला काय झालं कुणास ठाऊक, पत्र्यावर खिळा ओढावा तसं त्यानं तारांवर काहीतरी खरवडायला सुरुवात केली. माझ्या दातांत कळ आली. भावानं दोन्ही कान दाबले. शेजारीण ओरडली, "काय कापताय गं घरात?"

हे हळुवार ठेका धरून, डोळे अर्धे मिटून म्हणाले, "वा! किती गोड वाजवतोय."

भाऊ वळून माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला बाहेर जा म्हणून खूण केली. यांच्या समोर जाऊन बसले. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. बोटं थांबली.

"कुणाला बोलू नकोस," म्हणाले.

"घाटात काय करता?"

"इंजिनावरचा माझा जोडीदार खांद्यावर हात मारतो. शिट्टी झाली की."

"आणि त्याचं लक्ष नसलं तर?"

मला भयंकर राग आला, रडूही आलं. "गाडीत लोकांची लेकरंबाळं असतात हो! एक शिट्टी चुकली तर काय तोंड दाखवाल?"

"इंजिन सोडून मी करू काय?" त्यांचा आवाज फुटला. "मला दुसरं येतं काय?"

रेकॉर्ड वाजतच होती. आता काहीतरी एकेरी, बारीक चाललं होतं. हे बराच वेळ ती फिरताना बघत राहिले. मग उठले, खुंटीवरचा ड्यूटीचा शर्ट घातला. "शेडवर जाऊन सांगून येतो," म्हणाले.

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी इंजिनावरून उतरवलं. पुढं स्टोअरला लावलं, सामान द्यायच्या खिडकीवर. तिथं कधी रमले नाहीत. घाटातून गाडी निघायची वेळ झाली की घड्याळ बघायचे.

पण त्या दुपारी चपला घालून ते दारात थांबले, वळले, आणि माझ्या ओठांकडं बघत त्यांनी विचारलं, "ते वाजत होतं ते कसं होतं गं?"

मी तोंड उघडलं, पण सांगू काय? ठोके आणि खरवड तेवढी आठवत होती; बाकी रेकॉर्डभर मी त्यांच्याकडंच बघत होते.